‘गेलाय’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

“फ्लॅशचं सर्किट गेलंय. दुरुस्तीला घालाल तेवढ्यात नवीन येईल.”

२०११ साली मिरजेतल्या एका दुकानात बाबांना हे ऐकवलं गेलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो. बाबांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि घरी आणून कपाटात ठेवला. नवीन घेण्याएवढे पैसे नव्हते. बरे फोटो काढणारा पहिला फोन आमच्या घरात २०१६ मध्ये आला. मधल्या पाच वर्षांचे आमच्याकडे फोटोच नाहीत. आजी २०१४ मध्ये गेली. तिचा शेवटचा फोटो २०११ च्या गणपतीतला आहे.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना तो कॅमेरा सापडला आणि दोन दिवसांत चालू झाला, फ्लॅशसकट. लागलं काय, तर रिचार्जेबल सेलची जोडी, चार्जर, खोडरबर आणि थोडी चिकाटी. सर्किटला काहीही झालं नव्हतं.

तेव्हापासून ‘गेलाय’ या शब्दावर माझा राग आहे.

त्या कॅमेऱ्यात दोन पेन्सिल सेल बसतात. दोघांचे मिळून जेमतेम तीन व्होल्ट. फ्लॅशच्या नळीत झेनॉन वायू असतो आणि तो उजळायचा तर आधी एका कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत चार्ज साठवावा लागतो. हे काही सेकंदांत करायचं म्हणजे सेलमधून एका दमात भरपूर करंट ओढावा लागतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल एवढा करंट देऊ शकत नाहीत, कारण त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो. ओढ बसली की व्होल्टेज कोसळतं, कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले, आणि तो बंद पडतो. साधा सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. आकडे पाहिले तर साधा सेल सरस. प्रत्यक्षात ओढ सोसतो तो १.२ वाला.

त्या वर्षी बाबांचा चार्जर बिघडला होता आणि ते कॅमेऱ्यात रिमोटचे सेल घालत होते. दुकानदाराने ड्रॉवरमधून नवे कोरे सेल काढले. मला ते आठवतात, कारण आमच्या भिंतीवरच्या घड्याळात तेच असायचे. फ्लॅश चार्ज होऊ लागला, कॅमेरा बंद पडला, आणि निकाल लागला. “तुम्ही सेल कुठले वापरता?” हा एक प्रश्न त्याने विचारला नाही.

दिवाळीत मी कॅमेरा उघडला तेव्हा आत विसरलेले सेल गळले होते आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरट थर चढला होता. तो खोडरबरने घासला आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला. योग्य सेल घातल्यावर कॅमेरा चालू राहिला, पण फ्लॅश काही पडेना. इथे मीही ‘गेलाय’ म्हणणार होतो. मग स्क्रीनवरचं चिन्ह नीट पाहिलं. विजेच्या बाणावर आडवी रेघ होती आणि बटण दाबूनही ती हटत नव्हती. कॅमेरा सलग फोटो काढायच्या मोडवर राहिला होता. दोन फोटोंच्या मध्ये कपॅसिटर भरायला वेळ मिळत नाही, म्हणून अशा मोडमध्ये बरेच कॅमेरे फ्लॅश स्वतःच बंद ठेवतात. मोड बदलला आणि आमची काळोखी माजघराची खोली लख्ख उजळली.

तुमच्यापैकी काहींनी अलीकडे असेच जुने डिजिटल कॅमेरे घेतले असतील. पांढरेफटक चेहरे, मागे मिट्ट काळोख, अशा फोटोंची सध्या चलती आहे. पण जुना ‘लूक’ हवा आणि जुन्या वस्तूशी झटापट नको, हे कसं चालेल? फ्लॅश पडला नाही की कॅमेरा पुन्हा विकायला काढायचा, ही त्या दुकानदाराचीच परंपरा झाली. आधी सेल बघा, मग पट्ट्या, मग मोड. वर उघडणारा फ्लॅश असेल तर तो पूर्ण उघडतोय का बघा. एसएलआर असेल तर माथ्यावरच्या खाचेत बाहेरचा फ्लॅश ओळखणारं बारीक बटण असू शकतं. ते दबून अडकलं की कॅमेऱ्याला वाटतं बाहेरचा फ्लॅश लावलाय, आणि तो स्वतःचा फ्लॅश बंद ठेवतो.

मात्र स्क्रू खोलू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो आणि त्याचा झटका जबर असतो. हे सगळं तपासूनही फ्लॅश पडत नसेल तर नळी किंवा सर्किट खरंच गेलं असेल. ते जाणकाराकडेच न्या. वस्तू मरतात, हे मला मान्य आहे. माझी तक्रार न तपासता दिलेल्या मृत्यूच्या दाखल्याबद्दल आहे.

त्या दुकानदाराला झोडपून मी मोकळा होऊ शकतो, पण ते खरं होणार नाही. अर्धा तास डोकं लावून “सेल बदला” असं सांगितलं असतं तर त्याला काय मिळालं असतं? नवीन कॅमेरा विकला तर कमिशन. निदानाचे पैसे आपण देत नाही आणि दुरुस्तीची माहिती कंपन्या सहसा देत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती लोकांपर्यंत एका जागी पोचावी, ही कल्पना चांगलीच आहे. पण “जुनं झालं, टाका” हे आपल्यालाच पटलेलं असेल तर ते पोर्टल उघडणार कोण?

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ग्राहकाची तक्रार आली की आधी त्याचं व्हर्जन बघायचं, जुनं असेल तर “कृपया अपडेट करा” असं लिहून तक्रार बंद करायची. हे मी कितीतरी वेळा केलंय. त्यातल्या काही तक्रारींचा व्हर्जनशी काही संबंध नव्हता, हे तेव्हाही मला दिसत होतं. ‘जुनं’ हे वय झालं, कारण नव्हे. वयावर खापर फोडलं की कारण शोधायचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा उपयोग. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी काउंटरच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो.

फ्लॅश पडला तेव्हा बाबा दारात होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “म्हणजे तेव्हाही नुसते सेलच बदलायचे होते?”

मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने कॅमेरा मागून घेतला आणि आईला हाक मारली.

यापुढे कुणी ‘गेलाय’ म्हणालं की विचारा, काय गेलंय? कशावरून? दोन्हीची उत्तरं मिळाली तर पैसे देऊन या, कारण ते निदान आहे. नाही मिळाली तर वस्तू उचला आणि घरी या.