कार्ड सांभाळायचे की माणूस?

जोगेश्वरी, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर या आमच्या उपनगरांत आता घराघरांत एक नवे वेळापत्रक पाळले जाते. वयस्कर अम्मी-अब्बा सहा महिने इथे आणि सहा महिने अमेरिकेत राहतात. हौस म्हणून नव्हे, नातवंडांची ओढ म्हणूनही नव्हे. ग्रीन कार्ड जिवंत राहावे म्हणून! बॅगेत सहा महिन्यांच्या औषधांच्या पट्ट्या, घरचा मसाला आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन ही माणसे विमानतळावर व्हीलचेअरची वाट पाहत बसलेली असतात.

आमच्या नात्यातल्या एक खालाजान आहेत. वय ७४. मुलगा अमेरिकेचा नागरिक, त्याने आईला कार्ड मिळवून दिले. दोन वर्षांमागे त्या तिकडे असताना इथे जोगेश्वरीत त्यांच्या सख्ख्या बहिणीचा इंतकाल झाला. खालाजान मयतीला आल्या नाहीत, चाळिसाव्यालाही आल्या नाहीत. मुलाने सांगितले होते, "अम्मी, मुक्काम अर्धा सोडलात तर कार्ड जाईल." परत आल्यावर त्या कब्रस्तानाच्या फाटकाशी उभ्या राहून रडल्या. आम्हाला राग आला तो तिथेच, आणि हा लेख त्या रागातून लिहिला आहे.

कारण मुलाने सांगितले ते खरे नव्हते. महिनाभरासाठी मायदेशी आल्याने कार्ड जात नाही. आणि दर सहा महिन्यांनी तिकडच्या जमिनीला पाय लावला की कार्ड पक्के, ही आपल्या मोहल्ल्यातली सर्वमान्य समजूतही अर्धवट आहे. तिथला कायदा असा : एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर अमेरिकेत असतानाच परतीच्या परवान्याचा, म्हणजे री-एन्ट्री परमिटचा, अर्ज करावा लागतो. तो फार तर २ वर्षांचा मिळतो. त्याशिवाय वर्ष उलटले तर नुसत्या कार्डावर प्रवेश नाही. १८० दिवसांहून जास्त गैरहजेरी असेल तर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. पण १८० दिवसांच्या आत परतणाऱ्यालाही अधिकारी विचारू शकतो, "तुमचे घर कुठे आहे? कर कुठे भरता?" म्हणजे कायदा केवळ दिवस मोजत नाही. तो माणसाचे घर विचारतो. खालाजानचे घर जोगेश्वरीत आहे, हे त्यांना विचारणाऱ्या कुणालाही दोन मिनिटांत कळेल.

(इतर देशांचे गणित निराळे. कॅनडात ५ वर्षांत ७३० दिवस, ब्रिटनमध्ये सलग २ वर्षांहून अधिक बाहेर राहिले की सहसा हक्क संपतो. एका देशाचा हिशेब दुसऱ्याला लावू नये.)

मग मुले हा आग्रह का धरतात? आम्ही विचारले. उत्तर दबक्या आवाजात मिळाले : "मामू, उद्याचे काय सांगता येते?" या उत्तराची थट्टा आम्ही करणार नाही. जोगेश्वरीने जानेवारी १९९३ पाहिला आहे. २०१९च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा नवा कायदा झाला तेव्हा घरोघरी ट्रंका उघडून आजोबांचे दाखले शोधले गेले, तेही आम्ही पाहिले आहे. भीती खोटी नाही. पण भीतीवर काढलेला तोडगा खोटा आहे. जे कार्ड तिथे राहिल्यानेच टिकते ते इथे राहणाऱ्याचा आसरा कसा होईल? आणि संकट आलेच तर ते ७४ वर्षांच्या एकट्या अम्मीला वगळून मोहल्ल्यावर येणार आहे काय? बाकीच्यांचे काय? आखातात जाणाऱ्यांचे काय?

त्यांचाही विचार करा. कोकणातले आणि मुंबईतले आमचे हजारो भाऊ तीस-तीस वर्षे दुबई, कुवेत, सौदीत राबले. त्यांना कायमचा रहिवास मिळालाच नाही. २०१९पासून निघालेले गोल्डन व्हिसासारखे प्रकार मूठभरांसाठी आहेत. साधा नोकरदार सहा महिन्यांहून जास्त अमिरातीबाहेर राहिला तर सहसा त्याचा रहिवास रद्द होतो. २०२०च्या मार्चमध्ये विमाने थांबली तेव्हा सुट्टीवर आलेल्यांची झोप उडाली होती ती याच धास्तीने. या माणसांना शेवटी परतायला एकच जागा आहे, ही. मग त्या जागेवरचा आपला हक्क सांभाळायला आम्ही काय केले?

आमचा खरा मुद्दा हा आहे. परक्या देशाचे दिवस आम्ही बोटावर मोजतो, पण इथल्या मतदार यादीत नाव आहे की नाही ते निवडणुकीच्या सकाळी पाहतो. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही 'सामान्य रहिवासी' हीच कसोटी आहे. तो म्हणतो, नुसते घर मालकीचे आहे म्हणून कुणी रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी नाही असेही ठरत नाही. शिवाय २०१०च्या दुरुस्तीने परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर, नमुना ६-अ भरून, मतदार होता येते. ग्रीन कार्डवाला आणि इकामावाला दोघेही भारतीय नागरिकच आहेत. तरी २०२४च्या लोकसभेला देशभरात अशी नोंद सुमारे १ लाख १९ हजारांचीच होती, आणि त्यातले जवळजवळ ९० हजार एकट्या केरळचे. मत इथे येऊनच द्यावे लागते, म्हणून प्रत्यक्ष मतदान करणारे ३ हजारही भरले नाहीत. केरळचा मल्याळी जे करतो ते आम्हा मराठी मुसलमानांना का सुचू नये? आमच्या जमाती निकाहाच्या हॉलसाठी वर्गणी काढतात. एका रविवारी टेबल टाकून हे अर्ज भरून घ्यायला किती खर्च येतो?

कागद आणि मुक्काम यांची किंमत आम्हाला नवी नाही. १ मार्च १९४७नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक नव्हे, असे आपल्या घटनेचे ७वे कलम सांगते. वाचला तो कायमच्या परतीचा किंवा पुनर्वसनाचा परवाना घेऊन आलेला. कुठे राहिलास, किती दिवस राहिलास, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीने भोगला. त्यातून शिकायचे ते हे की आपण जिथले आहोत तिथला कागद आधी चोख ठेवावा.

म्हणून मुलांना आमचे सांगणे आहे. अम्मीला तुमच्याजवळ खरोखर राहायचे असेल तर सन्मानाने ठेवा. तिथे जिवाभावाची माणसे मिळवून द्या, कर भरा, परवाना काढा. विमानतळावर कार्ड सोडल्याचा कागद पुढे केला तर सही करण्याची सक्ती नसते, न्यायाधीशासमोर बाजू मांडता येते, हेही तिला शिकवून ठेवा. आणि तिला इथेच राहायचे असेल तर कार्ड स्वखुशीने परत करू द्या. नागरिक मुलाच्या आईवडिलांना तिथे कोट्याची रांग नाही, उद्या पुन्हा अर्ज करता येतो. खर्च होईल, वाट पाहावी लागेल, पण दार कायमचे बंद होत नाही.

खालाजानच्या बहिणीची मयत मात्र पुन्हा होणार नाही.