उणे आकडा मुलीचा नाही, व्यवस्थेचा आहे

‘आपल्या लोकांची उंचीच कमी असते, त्याला कुपोषण काय म्हणता?’ वस्तीतल्या बालकुपोषणाचा प्रश्न काढला की हे उत्तर हमखास मिळते. कधी ते अधिकाऱ्याच्या तोंडून येते, कधी आपल्याच माणसाच्या. या उत्तराला भावनेने नव्हे, गणिताने तोंड द्यायला हवे. त्यासाठी झेड स्कोअर नावाची एक साधी गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला यायलाच पाहिजे.

अंगणवाडीत मुलाचे वजन-उंची घेतात आणि ते हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात बसते ते पाहतात. त्या पट्ट्यांमागे झेड स्कोअर असतो. हिशेब सोपा आहे. मुलाच्या मापातून सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागायचे. प्रमाण विचलन म्हणजे निरोगी मुलांची मापे सरासरीच्या आसपास साधारण किती पसरलेली असतात तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीची सरासरी उंची ८५.७ सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन साधारण ३.२. आपल्या वस्तीतली मुलगी ७८ सेंटिमीटर भरली, तर फरक उणे ७.७. त्याला ३.२ ने भागले की उत्तर येते उणे २.४.

इथे उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की माप सरासरीच्या खाली आहे. ते चिन्ह मुलीची बुद्धी सांगत नाही, लायकी सांगत नाही. निरोगी मुलांपैकीही निम्मी सरासरीच्या खालीच असतात. म्हणून उणे ०.५ पाहून कोणी घाबरू नये. प्रश्न आकडा किती खाली गेला याचा आहे. उणे २ च्या खाली उंची गेली की तिला वयाच्या मानाने खुंटलेली वाढ म्हणतात. उणे ३ च्या खाली गेली की ती तीव्र खुंटलेली वाढ.

आता खरा मुद्दा. निरोगी समाजात शंभरातली दोन-तीनच मुले उणे २ च्या खाली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले त्या रेषेखाली सापडली. देशपातळीवर हे प्रमाण अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के, अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के आहे. एखाद्या मुलीचा उणे आकडा आईबापांच्या ठेंगणेपणामुळे असू शकतो. पण दोन-तीनच्या जागी चाळीस मुले येतात तेव्हा ती निसर्गाची करणी नसते. ती पाण्याची, संडासाची, मजुरीची, आईच्या उपासाची आणि जातीची करणी असते.

यावर पुढचा वार ठरलेला आहे: ‘हा मापदंडच परदेशी आहे.’ २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी मांडणी केली की सगळ्या जगाला एकच मापदंड लावल्याने भारतातले कुपोषण फुगून दिसते. पण २००६ चा हा मापदंड कोणत्या मुलांवरून ठरला? ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुले होती दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषध मिळालेली ही मुले नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली. म्हणजे मापदंडात भारतीय मुले आहेतच. नाहीत ती आपल्या वस्तीतली, कारण वस्तीला ती परिस्थितीच मिळालेली नाही.

‘आपल्या लोकांसाठी वेगळा तक्ता करा’ या मागणीत काय दडले आहे ते पाहा. समजा त्याच मुलीची तुलना फक्त तिच्या वस्तीशी केली आणि वस्तीची सरासरी ७९ धरली. झेड स्कोअर होतो उणे ०.३. मुलगी एक सेंटिमीटरही वाढली नाही, ताटात एक घास जास्त पडला नाही, पण कागदावरचे कुपोषण गेले! म्हणून कोणीही झेड स्कोअर सांगितला की आपला पहिला सवाल हाच असला पाहिजे: सरासरी कोणाची?

शरीराच्या मापांवरून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योग जुना आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात नाकाची मापे तपासली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धान्त त्याच मापांच्या आधारे खोडून काढला. मापांना न घाबरता ती ताब्यात घेऊन तपासायची, ही त्यांची रीत. आजही तसे काम होते आहे. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांच्या अभ्यासात दिसले की जिथे अस्पृश्यता जास्त पाळली जाते, तिथे दलित आणि सवर्ण मुलांच्या उंचीतली दरीही जास्त आहे. जनुके जिल्ह्याजिल्ह्याने बदलत नाहीत, जातीचा जाच बदलतो.

मित्रांनो, मोर्चे काढूच. पण त्याआधी आपल्या अंगणवाडीत जा. उणे २ आणि उणे ३ च्या खाली किती मुले आहेत ते विचारा, आणि त्यातली कोणत्या वस्तीतली किती तेही विचारा. माप नीट घेतात का पाहा: दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घ्यायची असते. सेविकेशी भांडू नका, ती आपल्यासारखीच राबणारी बाई आहे. आकडे घेऊन ग्रामसभेत उभे राहा. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला आहार मिळणे हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आमची मुले ठेंगणी जन्माला येत नाहीत, त्यांची वाढ रोखली जाते. तो उणे आकडा त्याचा पुरावा आहे. तो लपवायचा नाही, मांडायचा आहे.

जय भीम!