जपानच्या डोंगरातले गरम पाणी : गुण किती, भ्रम किती?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आटोपत आला होता. शेवटचा रुग्ण म्हणून आत आले ते आमचे गुरुजी. आठवीत त्यांनी मला गणित शिकवले, त्यामुळे आजही ते मला 'अरे डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात. त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. मोठ्या आतड्याचा कर्करोग. सुदैवाने रोग इतरत्र पसरल्याची खूण तपासण्यांत नव्हती. शस्त्रक्रियेची तारीखही मिळालेली होती.

"अरे डॉक्टर, तारीख जरा पुढे ढकलावी म्हणतो," गुरुजी म्हणाले. "मुलगा जपानचे तिकीट काढतोय. तूच नाही का वाचनालयात सांगितलेस, तिकडे कॅन्सरची माणसे गरम दगडांवर झोपतात म्हणून? महिनाभर राहून बघतो. गुण आला तर पोट फाडायचे कशाला?"

मी चपापलो. व्याख्यान माझेच होते. माझी मुलगी नोकरीनिमित्त जपानात असते. आधीच्या वर्षी ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो असता तेथील डोंगरातली गरम पाण्याची ठिकाणे पाहून आलो आणि परतल्यावर वाचनालयात मोठ्या उत्साहाने त्यांचे वर्णन केले. श्रोते खूष झाले, टाळ्याही पडल्या. पण मी जे पाहिले तेवढेच सांगितले. त्याचा अर्थ काय लावावा, हे सांगायचे राहून गेले. डॉक्टरने अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे अर्धीच चिठ्ठी लिहून देण्यासारखे आहे. ती राहिलेली अर्धी गोष्ट आज सांगतो.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागात अकिता नावाचा प्रांत आहे. तोक्योहून वेगवान रेल्वेने सुमारे तीन तासांत ताझावाको स्थानक येते. तेथून बस डोंगरात शिरते. शरद ऋतूत झाडांची पाने लाल-पिवळी झालेली असतात आणि वळणावळणावर गंधकाचा वास येऊ लागतो. या डोंगरात न्यूतो नावाचा सात जुन्या धर्मशाळावजा खाणावळींचा समूह आहे. त्यांतील त्सुरुनोयु सर्वांत जुनी. सतराव्या शतकात अकिताचे सरदार तेथे स्नानासाठी येत असत. गवताने शाकारलेली लांबच लांब पडवी, मधून वाहणारा ओढा आणि पाणी असे की दुधात पाणी घातल्याचा भास व्हावा.

अशा ठिकाणी औषध म्हणून राहण्याला जपानी माणूस 'तोजी' म्हणतो. पूर्वी शेतकरी भाताची लावणी किंवा कापणी उरकली की तांदूळ, भांडी, अंथरूण घेऊन सहकुटुंब येत. आठवडा, दोन आठवडे, कधी तीन आठवडे मुक्काम असे. स्वतः शिजवून खायचे, दिवसातून दोन-तीनदा पाण्यात बसायचे, उरलेल्या वेळी झोपायचे आणि गप्पा मारायच्या. आता या तोजीतले औषध नेमके कोणते, हे वाचकांनीच पाहावे. वर्षभर चिखलात वाकून राबणाऱ्या माणसाला तीन आठवडे सक्तीची विश्रांती, वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि चार माणसांची सोबत! यातले कोणतेही एक मिळाले तरी आपल्याकडील निम्म्या पाठदुख्या कमी होतील.

पाण्याचे स्वतःचे गुणही आहेत. ते मी नाकारत नाही. गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, ताठलेले स्नायू सैल पडतात. पाण्यात शरीराचा भार हलका होतो म्हणून झिजलेल्या गुडघ्यांना आराम पडतो. संधिवाताच्या काही रुग्णांच्या वेदना अशा स्नानांनी काही काळ कमी होतात, असे अभ्यासांतही आढळले आहे. पण 'काही काळ' आणि 'कमी होतात' हे दोन शब्दप्रयोग अधोरेखित करावेत. झिजलेली कूर्चा पाण्याने भरून येत नाही.

आता गुरुजींच्या मनात भरलेले ठिकाण. त्याचे नाव तामागावा. न्यूतोच्याच परिसरात, पण ज्वालामुखीच्या अधिक जवळ. तेथे एकाच मुखातून मिनिटाला सुमारे नऊ हजार लिटर पाणी उसळते. तापमान ९८ अंश आणि आम्लता इतकी की लिंबाचा रसही सौम्य वाटावा. शेजारच्या उतारावर जमिनीतून वाफा निघतात. त्या गरम खडकावर चटई टाकून, पांघरूण घेऊन माणसे पडून असतात. तेथील एका खनिजात रेडियम आहे. त्याचा अल्प किरणोत्सर्ग कर्करोगावर उपकारक ठरेल, या आशेने जपानभरातून रुग्ण येतात. मी ते दृश्य पाहिले. माझ्या शेजारी एक वृद्ध जोडपे होते. नवरा पडून होता, बायको त्याच्या पायांवरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करीत होती. कोणीच बोलत नव्हते. त्या शांततेचा माझ्यावर परिणाम झाला हे खरे. पण आशा पाहिली म्हणजे गुण पाहिला असे होत नाही. त्या वाफेने कर्करोग बरा होतो, असे सिद्ध करणारा भरवशाचा पुरावा नाही.

याच पाण्याची दुसरी कथा मी व्याख्यानात सांगितली नव्हती. खालच्या खोऱ्यातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या या नदीला 'विषाचे पाणी' म्हणत आले, कारण त्या आम्लाने पिके जळत. १९४० साली हे पाणी सौम्य व्हावे आणि वीज व शेतीलाही उपयोग व्हावा म्हणून ते ताझावा सरोवरात वळवले. जपानमधील हे सर्वांत खोल सरोवर, खोली ४२३ मीटर. काही वर्षांतच त्यातील मासे नाहीसे झाले. कुनिमासू नावाचा, फक्त तेथेच सापडणारा मासा नामशेष झाला असे मानले गेले. पुढे २०१० मध्ये फुजी पर्वताजवळच्या साइको तळ्यात तो जिवंत आढळला, कारण पूर्वी कधीतरी त्याची अंडी तिकडे पाठवलेली होती. सांगायचा मुद्दा असा की वरच्या अंगाला ज्याला औषध म्हणतात, त्यालाच खालच्या अंगाला विष म्हणत होते. फरक मात्रेचा आणि वापराचा. म्हणून तामागावाच्या स्नानगृहातही मूळ पाण्याचे टाके वेगळे आणि निम्मे साधे पाणी मिसळलेले टाके वेगळे असते. नवख्याने दुसऱ्यापासूनच सुरुवात करायची असते.

जपानमधील आणखी एक ठिकाण या विषयावर फार बोलके आहे. तोक्योच्या वायव्येला डोंगरात कुसात्सू नावाचे गाव आहे. १८७६ साली जपानात वैद्यक शिकवायला आलेल्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरांनी तेथील पाण्याची मोठी वाखाणणी केली. कुसात्सूचे पाणीही आम्लधर्मी. त्वचारोगांवर ते गुणकारी म्हणून ख्याती झाली आणि देशभरातून कुष्ठरुग्ण तेथे आले. घरच्यांनी टाकलेली, गावाने हाकललेली ही माणसे वर्षानुवर्षे त्या कडक पाण्यात उतरत राहिली. त्यांची वेगळी वस्तीच गावाच्या कडेला वसली. पुढे १९३२ मध्ये तेथे सरकारी कुष्ठधाम झाले आणि रुग्णांना कायद्याने समाजापासून तोडण्यात आले. तो कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडले. वाचकहो, त्या रुग्णांना बरे कोणी केले? पाण्याने नाही. १९४० नंतर आलेल्या औषधांनी आणि पुढे बहुविध औषधोपचाराच्या गोळ्यांनी. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. आपल्या सरकारी दवाखान्यांत त्याच गोळ्या फुकट मिळतात आणि त्यांनी लाखो माणसे बरी झाली. पाण्यावर विसंबण्यात ज्यांची बोटे गेली, त्यांना ती परत मिळाली नाहीत.

आता जपानी शासनाचे कौतुक करायलाच हवे असा एक भाग. तेथे १९४८ पासून गरम पाण्याच्या झऱ्यांविषयी कायदा आहे. प्रत्येक स्नानगृहात फलक लावावा लागतो. पाण्यात कोणते घटक आहेत, कशासाठी ते उपयोगी मानतात आणि कोणी उतरू नये, हे त्यावर लिहिलेले असते. ताप असलेला, क्षयाचा संसर्ग चालू असलेला, हृदय वा फुप्फुसाचा गंभीर विकार असलेला, रक्तस्राव होत असलेला, आणि हो, वाढलेल्या कर्करोगाने वा तीव्र रक्तक्षयाने खंगलेला रुग्ण, यांनी स्नान टाळावे असे हे नियम सांगतात. पाणी विकणारेच ही पाटी लावतात. आपण मात्र ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतो.

धोका केवळ रुग्णांनाच असतो असे नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये तामागावाला गरम खडकावरच्या तंबूंवर हिमकडा कोसळून तिघांचा मृत्यू झाला. डिसेंबर २००५ मध्ये याच अकिता प्रांतातील दुसऱ्या एका झऱ्याजवळ बर्फाच्या खड्ड्यात साचलेल्या विषारी वायूने एक संपूर्ण कुटुंब दगावले. हा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साठतो. 'प्रवेश बंद' अशी दोरी दिसली की छायाचित्रासाठी ती ओलांडू नये.

माझीही एक फजिती सांगतो. मी रक्तदाबाची गोळी घेतो. न्यूतोला उघड्या आभाळाखाली त्या दुधाळ पाण्यात बसलो आणि वेळेचे भान राहिले नाही. वीस-पंचवीस मिनिटे झाली असतील. बाहेर यायला झटकन उभा राहिलो तो डोळ्यांपुढे अंधारी आली. एका अनोळखी गृहस्थाने दंड धरला म्हणून दगडावर आपटलो नाही. कारण साधे आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात. पाण्याचा दाब आहे तोवर रक्त वर राहते. उठताच तो दाब जातो, रक्त पायांत उतरते आणि मेंदूला कमी पडते. त्यात गोळीची भर. चाळीस वर्षे रुग्णांना 'हळू उठा' सांगणारा डॉक्टर स्वतः विसरला! जपानात दरवर्षी स्नानाशी निगडित सुमारे १९ हजार मृत्यू होत असावेत, असा तेथील आरोग्य मंत्रालयाच्या अभ्यासगटाचा अंदाज होता. त्यांत बहुतेक वृद्ध, आणि हे मृत्यू थंडीत अधिक. म्हणून घरच्या स्नानासाठीही तेथील सरकार सांगते की पाणी ४१ अंशांच्या आत असावे आणि बसणे दहा मिनिटांच्या आत.

हल्ली आपल्या जिल्ह्यांतूनही मुलाबाळांकडे किंवा सहलीबरोबर जपानला जाणारे वाढले आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी. जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेला असेल तर हा मोह टाळावा. जेवल्याबरोबर, उपाशीपोटी किंवा मद्य घेऊन पाण्यात उतरू नये. आधी पायांवर, मग हातांवर, मग अंगावर पाणी घ्यावे आणि सावकाश बसावे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. उठताना कडेला क्षणभर बसावे, मग उभे राहावे. बाहेर आल्यावर पाणी प्यावे. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाय भाजलेला कळत नाही. सोबत्याने हात घालून पाणी पाहावे. पायाला जखम असेल तर उतरूच नये. कडक आम्लाचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, नंतर साध्या पाण्याने अंग धुवावे. बायकांनी चांदीची जोडवी, पैंजण काढून ठेवावीत. गंधकाने ती काळी पडतात. नेहमीची औषधे चिठ्ठीसह आणि महिन्यापुरतीच न्यावीत. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांतले स्युडोएफेड्रिन तेथे ठरावीक प्रमाणापलीकडे बेकायदा आहे, हे लक्षात ठेवावे.

रिवाजाचेही एक सांगतो. तेथे कपडे घालून पाण्यात उतरत नाहीत. स्त्री-पुरुषांची स्नानगृहे बहुतेक ठिकाणी वेगळी असतात. त्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मगच सामाईक पाण्यात पाय ठेवायचा. तेथे साबण लावायचा नाही की पंचा बुडवायचा नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, राजापूरजवळचे उन्हाळे, नांदेडकडचे उनकेश्वर ही आपली कुंडे काही कमी नाहीत. तेथे जातानाही एवढा एक रिवाज आपण घेतला आणि कुंडाशेजारी त्यांच्यासारखा एक फलक लावला, तर जपानला न जाताही जपानचा फायदा होईल.

असो. गुरुजींना मी यातले सगळेच सांगितले नाही. कुसात्सूच्या कुष्ठरुग्णांची गोष्ट तेवढी सांगितली. मग म्हणालो, "गुरुजी, तुम्हीच शिकवलेत, आधी कंसातले सोडवायचे, मग बाहेरचे. शस्त्रक्रिया कंसातली आहे. पाणी बाहेरचे." गुरुजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भीती वाटते रे. पाण्यात बसायला भीती वाटत नाही, एवढेच त्यात."

मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मूळ या वाक्यात आहे. माणूस झऱ्याकडे जातो तो पुष्कळदा सुरीच्या भीतीने. त्या भीतीला आम्ही डॉक्टरांनी वेळ दिला नाही, तर रुग्ण ती घेऊन दुसरीकडे जाणारच.

तारीख पुढे ढकलली नाही. शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधे चालू आहेत. रोग परतणार नाही असे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि मीही सांगत नाही. परवा गुरुजी तपासायला आले होते. वजन उतरले आहे, आवाज मात्र तोच. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "कंस सुटला की जायचे आहे हां मला. दगडावर झोपायला नाही, त्या दुधाच्या पाण्यात बसायला." मी म्हटले, "जरूर जा गुरुजी. पहिल्या दिवशी पाच मिनिटे. आणि उठताना हळू."