पडद्यावरची ‘कट्यार’

सुबोध भावे यांनी २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक पडद्यावर आणलं, तेव्हापासून नाट्यसंगीताचे जुने रसिक एक तक्रार करत आले आहेत. पद रंगमंचावरच फुलतं; तिथे वन्समोअर असतो, त्या रात्रीचा कैफ असतो; सिनेमाने त्याची छाटून गाणी केली.

तक्रार प्रेमापोटी आहे, म्हणूनच तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. पद आखूड झालं की त्याचा जीव गेला, हे आपल्याच इतिहासात बसत नाही. बालगंधर्वांची पदं घरोघरी पोहोचली ती तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवरून. रात्रभर रंगणारं गाणं एवढ्याशा जागेत कोंबलं गेलं, तरी ते ऐकून माणसं वेडी झाली.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. १९६७ साली रंगमंचावर वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहिले, तेव्हा गळा आणि चेहरा एकाच माणसाचा होता. सिनेमात चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. हे नुकसान आहेच. पण पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक जितकं गाण्याचं, तितकंच ऐकण्याचंही आहे. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी यांचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांचं गाणं चोरून ऐकतो आणि शिकतो. वैऱ्याच्या शिष्याचं गाणं कानी पडतं आणि कट्यार धरलेला खाँसाहेबांचा हात थांबतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडणारं हे नाटक पंधराव्या रांगेतून दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र दिसतं.

‘घेई छंद’चंच घ्या. जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन चालींत बांधून दोन गायकी उभ्या केल्या. सिनेमात त्या समोरासमोर भिडतात. शंकर महादेवन यांचे पंडितजी गाताना माझी नजर खाँसाहेबांवर खिळते: असूया आणि दाद एकाच चेहऱ्यावर. ही जागा सिनेमाची स्वतःची कमाई आहे.

उत्तरार्धात प्रसंगांची घाई होते, हे मला खटकतं. महेश काळे यांना सिनेमातल्या ‘अरुणि किरणी’ या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; त्या आवाजाला आणखी ऐसपैस जागा द्यायला हवी होती. अशा दोषांवर जरूर तुटून पडा. पण संगीत नाटकाने पडद्यावर जाऊच नये, हा हट्ट आता सोडा. वसंतरावांची ध्वनिमुद्रणं ऐका, नाटकाचा प्रयोग लागला तर तिकीट काढा, आणि सिनेमाला सिनेमा म्हणून पाहा.