खर्च झाल्यानंतरची नामंजुरी

युरोपीय संसदेने १८ ऑक्टोबर २०२२ रोजी 'फ्रॉन्टेक्स' या युरोपीय संघाच्या सीमारक्षक यंत्रणेचे हिशेब नामंजूर केले. नामंजुरीच्या बाजूने ३४५ आणि विरोधात २८४ मते पडली. हिशेब होते २०२० सालचे. ज्या पैशाविषयी सभागृह इतके तापले, तो केव्हाच खर्च झाला होता. आणि ज्यांच्या कारभारावर ठपका होता ते कार्यकारी संचालक फाब्रिस लेजेरी एप्रिलमध्येच राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

हा विलंब पद्धतीतच अंगभूत आहे. वर्ष संपल्यावर हिशेब तयार होतात, युरोपीय लेखापरीक्षण न्यायालय ते तपासते, मंत्रिपरिषद शिफारस करते आणि संसदेचा कौल खर्चाच्या वर्षानंतर दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत येतो. शंका उरल्यास तो आणखी लांबणीवर टाकता येतो. फ्रॉन्टेक्सच्या बाबतीत तेच झाले.

तपासणीला वेळ लागणारच, हे मान्य. परंतु येथे प्रश्न बेरीज-वजाबाकीचा नव्हताच. लेखापरीक्षकांच्या मते जमाखर्च विश्वसनीय होता. ग्रीसच्या सागरी हद्दीतून आश्रयार्थींना बेकायदा मागे लोटले जात असल्याच्या माहितीवर यंत्रणेच्या वरिष्ठांनी पांघरूण घातले, असे संघाच्याच गैरव्यवहार-प्रतिबंधक कार्यालयाच्या चौकशीत आढळले. मूलभूत हक्कांवर देखरेख ठेवण्यासाठी किमान ४० निरीक्षक डिसेंबर २०२० पर्यंत नेमण्याचे कायदेशीर बंधन होते. तेही पाळले गेले नाही. न नेमलेल्या निरीक्षकाची नोंद जमाखर्चाच्या वहीत कोठे सापडणार?

नामंजुरीमुळे पैसा परत येत नाही, यंत्रणेचे काम थांबत नाही, कोणाला पद सोडावेच लागते असेही नाही. युरोपीय आयोगाचे १९९६ चे हिशेब संसदेने डिसेंबर १९९८ मध्ये नाकारले आणि मार्च १९९९ मध्ये जाक सांतेर यांचा संपूर्ण आयोग पायउतार झाला. पण ती किमया राजकीय दडपणाची होती, कायद्याची नव्हे. फ्रॉन्टेक्सचे अंदाजपत्रक २००५ साली सुमारे ६० लाख युरोचे होते, २०२२ साली ते सुमारे ७५ कोटींवर पोहोचले. आणि लेजेरी? जून २०२४ च्या निवडणुकीत ते फ्रान्समधील अतिउजव्या पक्षाच्या यादीतून त्याच संसदेवर निवडून गेले.

या प्रकरणात संसदेने उचललेले खरे परिणामकारक पाऊल निराळेच होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये, फ्रॉन्टेक्सच्या २०१९ च्या हिशेबांना मान्यता देतानाच, सुधारणा होईपर्यंत २०२२ च्या निधीचा काही भाग रोखून धरावा अशी मागणी तिने केली. अधिकाऱ्याला भय वाटते ते मागील वर्षाच्या निषेधाचे नव्हे, पुढील वर्षाच्या कपातीचे.

भारतीय वाचकाने हे दूरचे प्रकरण समजू नये. येथे तर स्वायत्त संस्थांच्या हिशेबांवर मतदानही होत नाही. लेखापरीक्षित हिशेब वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत सभागृहाच्या पटलावर ठेवावेत असा दंडक आहे. तो मोडला तर विलंबाची कारणे सांगणारे एक निवेदन सोबत जोडले जाते. पटलावरील असंख्य कागदांत तेही एक. अशा संस्थेच्या पुढील अनुदानाचा एक हप्ता हिशेब येईपर्यंत अडवून धरण्याचा आग्रह विरोधी पक्षांनी अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चेतच धरला पाहिजे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही.