कार्टूनला आवाज देणाऱ्यांची नावं का दिसत नाहीत? आणि एआयच्या काळात त्याने काय फरक पडतो?

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर 'बनाना फिश' ही जपानी ॲनिमे मालिका पाहणाऱ्यांना भाषेच्या यादीत एक नवा पर्याय दिसला. इंग्रजी डब, आणि त्याच्यापुढे 'एआय बीटा' असं लिहिलेलं.

पडद्यावर पात्रं रडत होती, जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि आवाज मात्र रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा सपाट येत होता. त्याच्या क्लिप सोशल मीडियावर फिरल्या, चाहते आणि आवाज कलावंत दोघांनीही टीका केली आणि काही दिवसांतच हे इंग्रजी डब हटवण्यात आले.

पण विषय तिथे संपत नाही. आज सपाट वाटणारा यंत्राचा आवाज उद्या सुधारेल. तो सुधारण्यासाठी माणसांचेच आवाज वापरले जातील. ती माणसं कोण, त्यांना विचारलं होतं का आणि पैसे मिळाले का, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहे. ती म्हणजे श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे की नाही.

आधी आवाज की आधी चित्र?

अनेकांचा समज असा असतो की कार्टून आधी तयार होतं आणि नंतर कुणीतरी त्यावर आवाज 'चढवतं'. अमेरिकेतल्या मोठ्या ॲनिमेशनपटांत सहसा उलटं घडतं. संवाद आधी रेकॉर्ड होतात आणि ॲनिमेटर त्या आवाजाबरहुकूम पात्राचे ओठ, भुवया, खांदे हलवतात. कलावंत माईकपुढे बोलत असताना त्याचं चित्रीकरणही केलं जातं. त्याच्या चेहऱ्यावरच्या लकबी पुढे पात्रात उतरतात.

'टॉय स्टोरी'च्या वेळी पिक्सारने टॉम हँक्स यांच्या 'टर्नर अँड हूच' या जुन्या चित्रपटातला संवाद घेऊन त्यावर वुडी हे पात्र हलवून पाहिलं. १९९२च्या 'अलादीन'साठी ॲनिमेटर एरिक गोल्डबर्ग यांनी रॉबिन विल्यम्स यांच्या विनोदी कार्यक्रमातल्या आवाजावर जिनीची चाचणी चित्रं काढली. म्हणजे जिनीचा स्वभाव आधी आवाजात सापडला, मग कागदावर आला.

जपानमध्ये मात्र ॲनिमेचे संवाद बहुतेक वेळा चित्र तयार झाल्यावर किंवा अर्धवट तयार असताना रेकॉर्ड होतात. तिथे आवाज कलावंतांना 'सेयू' म्हणतात आणि त्यांचा स्वतःचा मोठा चाहतावर्ग असतो.

डबिंग स्टुडिओत नेमकं काय होतं?

भारतात आपण पाहतो ती बहुतेक परदेशी कार्टून डब केलेली असतात आणि हिंदी डबिंगचं मोठं केंद्र मुंबई आहे. इथे कलावंताचं काम वेगळ्या अर्थाने अवघड असतं. चित्र पक्कं असतं, ओठ कधी हलणार हे ठरलेलं असतं. कानात मूळ भाषेतला संवाद, समोर पडदा, हातात भाषांतरित संहिता आणि काचेपलीकडे डबिंग दिग्दर्शक. तेवढ्या दीड-दोन सेकंदांत वाक्य बसवायचं आणि अभिनयही करायचा.

यात भाषेची गंमत असते. प, ब, भ, म ही व्यंजनं उच्चारताना ओठ मिटतात. पडद्यावरचं पात्र इंग्रजीत 'मॉम' म्हणतं तेव्हा त्याचे ओठ दोनदा मिटलेले दिसतात. हिंदीत 'माँ' म्हटलं की निदान एकदा जुळतं. मराठीत 'आई' म्हणताना ओठ मिटतच नाहीत. मग लेखकाला 'माझी आई' किंवा 'आई, मला...' असं काहीतरी करून वाक्य फिरवावं लागतं. अर्थ तोच राहायला हवा, लांबी तीच हवी आणि ऐकताना भाषांतर वाटता कामा नये.

शिवाय संवादांपलीकडेही बरंच काही असतं. धावताना लागलेली धाप, गिळलेला हुंदका, पायऱ्यांवरून गडगडताना निघालेला आवाज, हे सगळं कलावंत एका जागी उभा राहून तोंडाने करतो. मुलांची पात्रं अनेकदा स्त्रिया करतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटतो आणि मालिका मात्र वर्षानुवर्षं चालते. जपानी 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज मासाको नोझावा यांचा आहे. 'निंजा हातोरी'च्या हिंदी डबमधला हातोरीचा आवाज मराठी कलाकार मेघना एरंडे यांचा आहे. हातोरी घराघरांत पोहोचला, पण तो आवाज एका मराठी अभिनेत्रीचा आहे हे कित्येक घरांना अनेक वर्षं ठाऊकच नव्हतं.

मग स्टार कलाकारांना का घेतात?

कारण उघड आहे. नाव असलं की जाहिरात सोपी होते. २०१९च्या 'द लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीत मुफासाला शाहरुख खान आणि सिम्बाला आर्यन खान यांचा आवाज होता. त्याच चित्रपटात टिमॉनला श्रेयस तळपदे यांनी आवाज दिला. २०१६च्या 'द जंगल बुक'च्या हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी नाना पाटेकर परत आले. १९९३ साली दूरदर्शनवर लागणाऱ्या मोगलीच्या जपानी ॲनिमे मालिकेतही शेरखान त्यांचाच होता. ज्यांचं लहानपण त्या रविवारी सकाळच्या मालिकेत गेलं, त्यांना चित्रपटगृहात तोच आवाज ऐकताना काय वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे स्टारचा आवाज वाईट असतो असं नाही. नाना पाटेकर किंवा तळपदे यांनी ती पात्रं खरोखर उभी केली. पण स्टार असल्याशिवाय चित्रपट चालत नाही, हा समज २०२५मध्ये 'महावतार नरसिंह'ने खोटा ठरवला. जुलैमध्ये आलेल्या या भारतीय ॲनिमेशनपटाने जगभरात ३०० कोटी रुपयांच्या पुढे कमाई केली. त्याच्या पोस्टरवर एकाही स्टारचं नाव नव्हतं. प्रेक्षकांनी पात्रं स्वीकारली आणि ती पात्रं बोलती करणारे बहुतेक जण व्यवसायाने आवाज कलावंत होते.

नाव नसल्याने काय बिघडतं?

ही अडचण जुनी आहे. १९३७च्या 'स्नो व्हाइट'मध्ये राजकुमारीचा आवाज एड्रियाना कॅसेलोटी यांचा होता. त्यांना ९७० डॉलर मिळाल्याचं सांगितलं जातं आणि पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं. तो चित्रपट पुढे अनेक दशकं पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत राहिला.

बग्ज बनीला आवाज देणारे मेल ब्लँक यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांनी निर्मात्याकडे मानधनवाढ मागितली. ती मिळाली नाही, पण त्याबदल्यात कार्टूनच्या सुरुवातीला त्यांचं नाव झळकू लागलं. ब्लँक स्वतः सांगत की त्या नावामुळेच त्यांना रेडिओवर भरपूर कामं मिळाली. कंपनीला फुकट वाटलेली गोष्ट कलावंतासाठी पगारवाढीपेक्षा मोठी ठरली.

नावाचं वजन वापरून काय करता येतं, हे रॉबिन विल्यम्स यांनी दाखवून दिलं. 'अलादीन' करताना आपला आवाज खेळणी आणि इतर वस्तू विकायला वापरू नये, अशी त्यांची अट होती. ती पाळली गेली नाही, असं म्हणत त्यांनी डिस्नीशी संबंध तोडले आणि दुसऱ्या भागात काम केलं नाही. स्टुडिओने माफी मागितल्यावर तिसऱ्या भागात ते परतले. २०१४मध्ये निधन होण्याआधी त्यांनी कायदेशीर व्यवस्था करून ठेवली होती, ती अशी की मृत्यूनंतर २५ वर्षं, म्हणजे २०३९पर्यंत, त्यांच्या प्रतिमेचा व्यावसायिक वापर करता येणार नाही.

विल्यम्स यांना हे जमलं कारण ते रॉबिन विल्यम्स होते. दिवसाला चार पात्रं करणाऱ्या डबिंग कलावंताला अशी अट घालता येत नाही.

एआयने नेमकं काय बदललं?

पूर्वी आवाजाची नक्कल करायला दुसरा माणूस लागायचा. आता रेकॉर्डिंगचा एक छोटा तुकडा पुरतो. त्यावरून तयार केलेली 'आवाजाची प्रत' मूळ माणसाने कधीही न उच्चारलेली वाक्यं बोलू शकते. म्हणजे एकदा दिलेलं काम पुढच्या शंभर कामांना मुकवू शकतं.

याच मुद्द्यावर अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या कलावंतांनी जुलै २०२४मध्ये संप पुकारला. तो सुमारे अकरा महिने चालला. जून २०२५मध्ये झालेल्या करारात डिजिटल प्रतिकृती वापरण्याआधी कलावंताची संमती घेणं आणि वापराची माहिती देणं या अटी आल्या. टेनेसी राज्याने २०२४मध्येच आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला.

न्यूयॉर्कमधलं एक प्रकरण मात्र वेगळी बाजू दाखवतं. दोन आवाज कलावंतांनी 'लोवो' या एआय कंपनीवर दावा लावला. फ्रीलान्स काम म्हणून दिलेल्या रेकॉर्डिंगवरून आपल्या आवाजाच्या प्रती बनवून त्या वेगळ्याच नावांनी विकल्या गेल्या, असा त्यांचा आरोप आहे. जुलै २०२५मध्ये न्यायालयाने ट्रेडमार्कचे दावे फेटाळले आणि नुसत्या आवाजाला कॉपीराइट मिळत नाही हेही स्पष्ट केलं. न्यूयॉर्कच्या नागरी हक्क कायद्याखालचा दावा मात्र पुढे चालवायला परवानगी दिली. याचा साधा अर्थ असा की रेकॉर्डिंगला कॉपीराइट असतो, गळ्याला नसतो.

भारतात कायदा काय म्हणतो?

भारतात दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता व्यक्तिमत्त्व हक्कांचा. जुलै २०२४मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयातून असंच संरक्षण मिळालं. पण या हक्काचा पाया प्रसिद्धी हाच आहे. तुमचा आवाज ऐकून लोक तुम्हाला ओळखतात, त्या ओळखीला बाजारात किंमत आहे आणि कुणीतरी ती चोरतंय, असा हा युक्तिवाद असतो. ज्या आवाजाला सगळे ओळखतात पण ज्याच्या मालकाला कुणीच ओळखत नाही, त्याने काय करायचं?

दुसरा रस्ता १९५७च्या कॉपीराइट कायद्याचा. त्यात 'परफॉर्मर' म्हणजे सादरकर्त्याला हक्क दिले आहेत. सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येत अभिनेता, गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहेत. आवाज कलावंत असा शब्द नाही, पण 'सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती' त्यात येते. २०१२च्या दुरुस्तीनंतर सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास सादरकर्त्याला रॉयल्टीचा हक्कही मान्य झाला.

मात्र याच व्याख्येला एक परंतुक जोडलेलं आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि व्यवसायातल्या प्रथेनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिलं जात नाही, अशी व्यक्ती सादरकर्ता मानली जाणार नाही. आपल्या कामाची विकृती झाल्यास दाद मागण्यापुरताच अपवाद तिला मिळतो.

मुख्य पात्राचा आवाज 'किरकोळ' ठरणार नाही, असं म्हणता येईल. पण गर्दीतला आवाज, एका भागापुरता आलेला राक्षस, दोन वाक्यांचा दुकानदार यांचं काय? वाद झालाच तर नाव नसणं कलावंताच्या विरोधात जाऊ शकतं. नाव देणं हा सौजन्याचा भाग समजला जातो, पण कायद्याच्या नजरेत तो हक्काचा पुरावा आहे.

मग पुढे काय?

डिसेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एक कार्यपत्रिका प्रसिद्ध केली. एआय कंपन्यांना प्रशिक्षणासाठी साहित्य वापरू द्यावं, पण त्याबदल्यात सक्तीने रॉयल्टी घेऊन ती निर्मात्यांपर्यंत पोहोचवावी, असा त्यातला प्रस्ताव आहे. तो पुढे कोणत्याही स्वरूपात आला तरी पैसे वाटताना पहिला प्रश्न एकच असेल, हा आवाज कुणाचा? ज्याची नोंदच नाही, त्याच्यापर्यंत पैसे पोहोचणार कसे?

म्हणून करारात तीन गोष्टी स्पष्ट असायला हव्यात. हे रेकॉर्डिंग फक्त याच कामासाठी आहे की एआय प्रशिक्षणासाठीही? आवाजाची प्रत बनवायची असेल तर वेगळी संमती आणि वेगळं मानधन आहे का? आणि डब आवृत्तीच्या श्रेयनामावलीत पात्राच्या नावापुढे कलावंताचं नाव येणार का? पहिल्या दोन गोष्टींसाठी वकील, संघटना आणि वाटाघाटी लागतात. तिसरीसाठी निर्मात्याला पडद्यावर काही सेकंद द्यावे लागतात.

प्रेक्षकांच्या हातातही थोडं आहे. अनेक प्लॅटफॉर्मवर नावं सुरू होताच पुढचा भाग आपोआप लागतो आणि डबिंगची यादी तर सगळ्यात शेवटी येते. 'बनाना फिश'चा डब हटला तो प्रेक्षकांनी आवाज कान देऊन ऐकला आणि तक्रार केली म्हणून. घरातली मुलं रोज ज्या कार्टूनसमोर जेवतात, त्याच्या शेवटी हिंदी किंवा मराठी आवाजांची नावं येतात का, हे आज बघता येईल. येत नसतील, तर ते विचारण्यासाठी चाहता असणं पुरेसं आहे.