सेलेबीसच्या हत्तीचं तोंड कुठे आहे?

अतिवास्तववादी चित्र दिसलं की आपल्यातला स्वप्नफल सांगणारा जोशीबुवा जागा होतो. मासा म्हणजे अमुक, शिंग म्हणजे तमुक! चित्रकार मॅक्स अर्न्स्टच्या ‘सेलेबीसचा हत्ती’ या चित्राचे या खोडीने फार हाल केलेत.

लंडनच्या टेट संग्रहालयातलं हे चित्र 1921 सालचं. आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा यायला अजून तीन वर्षं होती. मधोमध बॉयलरसारखं करडं, गोल धूड. त्यातून नळीसारखी सोंड निघते. तिच्या टोकाला झालरीची कॉलर आणि शिंगं असलेलं मुंडकं. हेच तोंड म्हणावं, तर पलीकडच्या अंगाने दोन सुळे डोकावतात. मग जनावर आपल्याकडे बघतंय की पाठ फिरवून उभं आहे? पुढ्यात बिनमुंडक्याची नग्न बाई हातमोजा घातलेला हात उंचावून उभी, आणि आभाळात चक्क मासे.

या धुडाचं मूळ अर्न्स्टला एका मानववंशशास्त्रीय नियतकालिकातल्या फोटोत सापडलं. फोटो होता सुदानमधल्या धान्याच्या कोठीचा! आपल्या कणगीचीच ती दूरची बहीण. अर्न्स्ट पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्यात होता. त्यामुळे समीक्षकांना या धुडात रणगाडा दिसतो, आणि तो दिसतोही. पण नुसता रणगाडा काढला असता तर इतकं अस्वस्थ वाटलं नसतं. दाणे साठवायचं पोट इथे पत्र्याचं झालंय, त्याला सुळे फुटलेत. मला धास्ती वाटते ती याची. त्यात रंगकाम कसं, तर गुळगुळीत, थंड, यंत्राच्या माहितीपत्रकात शोभेल असं. कुठे आरडाओरडा नाही. मैदान ओस पडलंय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

आणि तरी चित्र सुतकी नाही. शीर्षक आलंय जर्मन शाळकरी पोरांच्या एका चावट गाण्यावरून. त्यात सेलेबीस बेटावरच्या हत्तीच्या पार्श्वभागाची यथेच्छ टिंगल आहे. ते ठाऊक असलं की पलीकडून डोकावणाऱ्या सुळ्यांकडे बघताना गंभीर चेहरा टिकवणं अवघड जातं. कवी पॉल एल्युआर 1921 मध्येच कोलोनला अर्न्स्टकडे आला, त्याने हे चित्र पाहिलं आणि विकत घेऊन टाकलं. अर्थ विचारत बसला असेल असं मला तरी वाटत नाही.